गाबीची वळचण

सदानंद कारखानीसला खोटं बोलता येत नाही, असं त्याची बायको शोभना चारचौघांत सांगायची. खोटं बोलला की त्याचा डावा कान लाल होतो. दिवाळीच्या फराळाला दुबईच्या करामा भागातल्या त्यांच्या घरी मराठी मंडळी जमली की हा विषय निघायचाच. करंज्या खरंच जमल्यात का, असं कुणी विचारलं की सगळ्यांच्या नजरा आधी त्याच्या कानाकडे वळत. सदानंदही हसायचा.

त्याचं काम मात्र खोट्या वस्तू खऱ्या वाटाव्यात अशा बनवण्याचं. रास अल खोरमध्ये स्पेअर पार्टची गोदामं आणि डेंटिंग-पेंटिंगचे गाळे यांच्या मधे एक लांबट शेड होती. तिथं तो इमारतींची मॉडेलं करायचा. दुबईत जे काही उभं राहणार असे, ते आधी या शेडमधल्या टेबलावर उभं राहायचं. ॲक्रिलिकच्या खिडक्या, स्पंजची झाडं, निळ्या रंगाचे तरणतलाव. १९९७ साली टेबलावरच्या करवतीनं त्याच्या उजव्या तर्जनीचं पुढचं पेर नेलं. पण तो हाडाचा कारागीर. महिन्याभरात कामावर हजर झाला आणि त्या तोकड्या हातानंच मॉडेलवरची वाळू थापून सारखी करायला लागला. थापी वापरायची नाही, तळहातच वापरायचा, ही त्याची जुनी सवय होती.

१९९९च्या ऑक्टोबरात एक वेगळं काम आलं. फेब्रुवारीत दुबईत इटलीचं एक प्रदर्शन भरणार होतं. संगमरवर, चामडं, कॉफीची यंत्रं, आणि शोभेला एक प्राचीन गाव. प्रदर्शन झालं की ते मॉडेल इटलीतल्या एका लहानशा संग्रहालयात जायचं होतं. गावाचं नाव गाबी. त्याचे नकाशे फॅक्सनं यायला लागले.

"कारखानीस भाऊ, तुमची इटली आली बघा," ऑफिसातली रशीदा म्हणाली. ती खेडची, फोन आणि फॅक्स तिच्याकडे. "मशीननं अख्खा रोल खाल्लान. आता बॉसला काय सांगू मी?"

"सांग, दोन हजार सहाशे वर्षांपूर्वीचं गाव आहे, रोल लागणारच."

हे सदानंदचं दुबईतलं शेवटचं मोठं काम होतं. मे महिन्यात व्हिसा संपत होता आणि त्यानं नि शोभनानं कायमचं पुण्याला परत जायचं ठरवलं होतं. तिकिटं बघून झाली, सामानाच्या पेट्यांची चौकशी झाली. शोभनाची एकच अट होती.

"जाण्याआधी एकदा मला तिच्या झाडापाशी न्या."

"इन्शाल्ला," सदानंद म्हणाला.

"अहो, इन्शाल्ला नको. तारीख सांगा. नाहीतर मी विमानात बसणार नाही."

"हे मॉडेल डिलिव्हर झालं की त्याच शुक्रवारी," तो म्हणाला. म्हणताना तो मोजे काढायला खाली वाकला होता, म्हणून त्याचा कान तिला दिसला नाही.

ते झाड नव्हतंच.

त्यांना १९९५च्या जूनमध्ये मुलगी झाली होती. ती तेवीस दिवस जगली. बारसं राहिलं होतं, कारण शोभनाच्या आईचा व्हिजिट व्हिसा अडकला होता आणि आजी आल्याशिवाय पाळणा बांधायचा नाही असं ठरलं होतं. त्यामुळे हॉस्पिटलच्या कार्डावर शेवटपर्यंत 'बेबी ऑफ शोभना' एवढंच राहिलं. शोभनानं नाव ठरवून ठेवलं होतं, पण बारशाआधी ते ओठांवर आणायचं नाही म्हणून नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. नंतरही तिनं ते कधी सांगितलं नाही.

एवढ्याशा जिवाला आपल्यात जाळत नाहीत, पुरतात. खड्ड्यात मीठ घालतात, आणि वरची माती बापानं आपल्या हातानं थापायची असते. हॉस्पिटलच्या मागच्या दाराशी पांढरी गाडी उभी होती. मैमुनाबी नावाची हैदराबादची म्हातारी आया बाळाला कापडात गुंडाळून घेऊन आली आणि गाडीत बसली. "चलो बेटा, बैठो," ती म्हणाली. सदानंद बसला नाही. वर वॉर्डात शोभना तापानं फणफणली होती हे खरं, पण ते कारण नव्हतं. तो घाबरला. त्या कापडातल्या आकाराकडे त्याला बघवेना. "आप ही ले जाओ," तो कसाबसा म्हणाला. मैमुनाबीनं त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि दार ओढून घेतलं. गाडी फाटकातून बाहेर पडून डावीकडे वळली. आपल्या मुलीबद्दल त्याला याच्यापुढचं काहीही ठाऊक नव्हतं.

त्या संध्याकाळी शोभना भिंतीकडे तोंड करून पडली होती. तशीच म्हणाली, "तुम्ही स्वतः केलंत ना?"

"हो."

"मीठ घातलंत ना?"

"हो."

"कुठे?"

खोटं सांगायची सवय नसलेला माणूस एकदा सांगायला लागला की त्याला थांबता येत नाही. त्यात हा मॉडेलवाला, तपशील आपोआप हाताला येणारे. त्यानं वाळवंट सांगितलं. त्यात घाफचं एक झाड उभं केलं, इकडच्या रानात असतं तसं. ते पश्चिमेला कलतं केलं. त्याचं खोड खालपासून दुभंगलेलं सांगितलं आणि बुंध्याशी एक चपटा पांढरा दगड ठेवला. शोभना ऐकता ऐकता झोपी गेली. महिन्याभरानं तो मैमुनाबीला शोधायला गेला, तेव्हा ती नोकरी सोडून देशात परत गेली होती. रजिस्टरात नुसती तारीख होती. त्यानंतर त्यानं कुणालाच काही विचारलं नाही.

नोव्हेंबरात इटलीहून पुरातत्त्वज्ञ डॉक्टर ओर्नेला आली. गाबीचं उत्खनन करण्यात तिची पंचवीस वर्षं गेली होती. साठीची, उन्हानं रापलेली, बोलायला मोकळी. तिनं शेडमधल्या टेबलावर नकाशे पसरले आणि बोट फिरवत इंग्रजीत गाव सांगायला लागली. रोमच्या पूर्वेला बारा मैलांवर, एका विझलेल्या ज्वालामुखीच्या तोंडात साचलेल्या तळ्याच्या काठी हे लॅटिन लोकांचं गाव होतं. रोम वसवणाऱ्या जुळ्या भावांना लहानपणी अक्षरं शिकायला इथंच ठेवलं होतं अशी दंतकथा आहे. रोमशी झालेला तह यांनी लाकडी ढालीवर बैलाचं कातडं ताणून त्याच्यावर लिहून ठेवला होता. पुढे रोम वाढलं. रोमच्या इमारतींना गाबीचा करडा दगड लागायला लागला आणि गाव आपल्याच पायाखालची जमीन कापून गाड्या भरून पाठवत राहिलं. शेवटी उरली खाण. तळंही पुढे आटवलं गेलं.

"म्हणजे दुसऱ्याचं शहर उभं करता करता गाव संपलं," सदानंद म्हणाला.

"तुम्हाला हे दुबईत राहून लवकर कळलं," ओर्नेला हसून म्हणाली.

नकाशावर घरांच्या भिंतींना लागून काही बारीक वर्तुळं होती. सदानंदला वाटलं, रांजण असतील.

"ती तान्ही मुलं," ती म्हणाली. "मोठ्यांना गावाबाहेर नेऊन पुरायचे. पण अगदी लहान मूल गेलं तर त्याला लांब न्यायचे नाहीत. घराच्या छपराखाली, जिथं पागोळ्या पडतात तिथं भिंतीलगत ठेवायचे. छपराची कड त्यांच्यावर यायला हवी. लॅटिनमध्ये त्या जागेला वेगळा शब्द आहे."

मराठीतही आहे, सदानंदच्या मनात आलं. वळचण. घरापासून चार पावलंसुद्धा लांब न नेता, आईला चुलीपाशी बसून पावसाचा आवाज ऐकू येईल अशा ठिकाणी त्या लोकांनी आपली मुलं ठेवली होती. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या त्या अडाणी बापांना जे जमलं ते आपल्याला जमलं नाही.

"त्यांची नावं?" त्यानं विचारलं.

"मुलीला आठव्या दिवशी नाव ठेवायचे. या मुलांना मिळालं होतं की नाही, कोण सांगणार."

मॉडेल एकास शंभरच्या प्रमाणात करायचं ठरलं. सदानंदनं डोळ्यांत तेल घालून काम केलं. गवती छपरांना त्यानं नारळाच्या केरसुणीचा काथ्या वापरला, दगडाच्या पायांना बुचाचे तुकडे. डिसेंबरात जमिनीचा प्रश्न आला. रंग करडा हवा होता आणि जवळपासची वाळू तांबूस होती. कंपनीचा पठाण ड्रायव्हर जबल अलीच्या बाजूला साइटवर जाऊन येत असे, त्याला सांगितल्यावर त्यानं आठ पोती आणून टाकली. वाळू हवी तशी होती, करडी आणि पिठासारखी बारीक. ती चाळून मॉडेलभर पसरायची, तळहातानं थापायची आणि वरून पातळ केलेल्या फेव्हिकॉलचा फवारा मारायचा. एका रात्रीत ती दगडासारखी घट्ट बसते.

तान्ह्या मुलांच्या जागा त्यानं वाळूत टाचणीच्या डोक्याएवढ्या दाखवल्या. नकाशावर मोजून बारा. अकरा गावात, आणि बारावी तळ्याकाठच्या शेवटच्या घराच्या वळचणीला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या शेवटच्या घराच्या वळचणीची वाळू खचलेली होती. बोटाचं टोक मावेल एवढा खळगा. सदानंदनं तो भरला, थापला, फवारा मारला. सकाळी पुन्हा खळगा. खालचा प्लायवूड तपासला तर तो ठणठणीत होता. फेव्हिकॉल पातळ झाला असेल म्हणून त्यानं नवा डबा फोडला. तिसऱ्या सकाळी खळग्यातली वाळू ओलसर लागली. शेडमधला एसी सगळ्यांचे ओठ फुटतील इतकी हवा कोरडी करायचा, आणि उरलेलं सगळं गाव खडखडीत वाळलं होतं.

त्यानं ओर्नेलाला फॅक्स करून खळग्याबद्दल कळवलं आणि विचारलं, तळ्याकाठच्या घराच्या बाराव्या मुलाबद्दल अजून काही माहिती आहे का. तिचं उत्तर त्याच दिवशी आलं. बारावं मूल नाही. अकराच आहेत. त्या घराच्या कोपऱ्यात आम्ही थेट कातळापर्यंत खणलं होतं. पाठोपाठ तिनं कुरियरनं मूळ नकाशा पाठवला आणि त्यात खरंच अकरा वर्तुळं होती. सदानंदनं फॅक्सचा कागद उजेडात धरला. त्यात ती बारा होती, आणि बारावं इतरांइतकंच रेखीव होतं.

"मशीनचा डाग असेल, भाऊ," रशीदा म्हणाली. "ड्रमवर कचरा बसला की येतो तसला." मग ती मॉडेलपाशी घुटमळली आणि तिनं नाक वर केलं. "इथं कुणी धुरी दिलीन काय?"

"कसली धुरी?"

"पोराला देतात ती. ओवा, वावडिंग, लसणीची सालं. माझ्या बहिणीच्या बाळंतपणात घरभर हाच वास असायचा." ती ओशाळून हसली. "सॉरी भाऊ. तुमच्यासमोर मी हे काय बोलतेय."

शेडमध्ये ॲक्रिलिक जोडायच्या द्रावणाचा उग्र वास नेहमी भरलेला असे. त्याच्या खाली, अगदी मंद, ओवा आणि वावडिंग होतं. सदानंदला ते आठ दिवसांपासून येत होतं. कुणाला सांगायची त्याची छाती झाली नव्हती.

त्यानं बारावी खूण काढून टाकली. मूळ नकाशात नाही तर मॉडेलमध्येही नको, काम म्हणजे काम. खळगा मात्र रोज पडत राहिला. सदानंद रोज सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन तो भरायचा आणि बोटांनी हलकेच थापायचा. जानेवारी सरता सरता त्याच्या ध्यानात आलं की थापायला जेवढा वेळ लागतो त्याच्यापेक्षा आपला हात तिथं जास्त वेळ राहतो.

प्रदर्शनाच्या आदल्या गुरुवारी मॉडेल न्यायला ट्रक आला, तेव्हा चाळलेली वाळू संपली होती आणि खळगा उघडा होता. त्यानं पठाण ड्रायव्हरला हाक मारली.

"खान, वो रेत कहाँ से लाया? थोड़ी और लगेगी."

"दूर है, साब. जबल अली से आगे, वो नया इन्व्हेस्टमेंट्स पार्क बन रहा है ना, उससे भी आगे. अंदर कच्चा रास्ता जाता है. उधर मैं रोटी खाता हूँ, छाँव है."

"कैसी छाँव?"

"घाफ का पेड़ है, साब. एक ही है. टेढ़ा, समुंदर की तरफ़ झुका हुआ. नीचे से दो हिस्सा." त्यानं दोन बोटं फाकवून दाखवली. "जड़ के पास सफ़ेद पत्थर है, चपटा. उसी पे बैठ के खाता हूँ. रेत वहीं से भरा."

सदानंद ट्रकला टेकून उभा राहिला. कामगार काचेच्या पेटीसकट मॉडेल उचलत होते. "यल्ला, यल्ला," कुणीतरी निघायची घाई करत ओरडलं. ट्रकचं दार लागलं आणि ट्रक निघून गेला.

पहिल्यांदा त्याला काय वाटलं हे सांगायलाच हवं. त्याला सुटल्यासारखं वाटलं. जे झाड त्यानं मनानं रचलं होतं ते सापडलं होतं, आता शोभनाला तिथं नेता येईल, ती दोन फुलं वाहील आणि विमानात बसेल. ते झाड तिथं आलं कसं, हा प्रश्न त्यानं दाबून टाकला. माणूस घाबरला की असाच हिशोबी होतो.

शुक्रवारी सकाळी ती दोघं निघाली. शोभनानं आदल्या दिवशी मोगऱ्याचा गजरा आणून फ्रीजमध्ये ठेवला होता. जबल अलीनंतर रस्ता मोकळा झाला, मग कच्चा झाला. खाननं कागदावर काढून दिल्याप्रमाणे ते तासाभरात पोचले. झाड दुरूनच दिसलं. पश्चिमेला कललेलं, खालपासून दुभंगलेलं. बुंध्याशी चपटा पांढरा दगड.

"अगदी सांगितलं होतंत तसंच आहे हो," शोभना म्हणाली आणि चपला काढून अनवाणी चालत गेली.

झाडापाशी पोचल्यावर ती थांबली. दगडाशेजारी मोठा खड्डा होता, फावड्यानं भराभर उपसलेला, आठ पोती वाळू निघेल एवढा. वाऱ्यानं त्याच्या कडा ढासळल्या होत्या.

"इथनं कुणी उकरून नेलंय," ती म्हणाली.

सदानंद खड्ड्याच्या कडेशी येऊन थांबला.

"अहो, हीच जागा ना? दगडाच्या डाव्या हाताला म्हणाला होतात. इथलं कुणी नेलं?" तिचा आवाज चढत गेला. "कुणी नेलं हो?"

"मी," तो म्हणाला.

मग त्यानं सगळं सांगितलं. मागचं दार, मैमुनाबी, डावीकडे वळलेली गाडी. मीठ नाही, माती नाही. झाड मनानं उभं केलेलं. आणि वाळू, मॉडेल, तळ्याकाठचं घर, रोजचा खळगा. हे सांगताना त्याचा कान लाल झाला नाही, पण तो रडत होता आणि रडणं थांबवायचा त्यानं प्रयत्नही केला नाही.

शोभनानं गजरा खड्ड्यात टाकला नाही. ती तो हातात घेऊन गाडीत येऊन बसली. झाडाकडे बघत म्हणाली, "पाच वर्षं मी रोज दुपारी डोळे मिटून या झाडाखाली येऊन बसत होते. तुम्ही एकदा तरी सांगायचं होतंत. आपण दोघांनी शोधलं असतं."

सदानंदनं गाडी सुरू केली.

दुबई जवळ आली तेव्हा ती म्हणाली, "मला ते घर दाखवा."

प्रदर्शनाच्या हॉलमध्ये दुपारच्या नमाजनंतरची गर्दी होती. कॉफीचा वास, इटालियन गाणी, बाबागाड्या. गाबीपाशी मात्र कुणी नव्हतं. काचेच्या पेटीत गाव, करड्या जमिनीवर गवती छपरं, आणि कडेला तळ्याचा निळा तुकडा.

सदानंदनं घर दाखवलं.

वळचणीला खळगा होता. कालच्यापेक्षा जरा खोल.

शोभना वाकली. तिनं कपाळ काचेला टेकवलं. आजूबाजूला कोण आहे हे तिनं पाहिलं नाही.

"कुर्रर्र," ती म्हणाली.

बारशाला पाळण्यावर वाकून बाळाच्या कानात म्हणतात तसंच. मग ओठ काचेला लावून तिनं नाव सांगितलं. सदानंद शेजारीच उभा होता, पण त्याला ऐकू आलं नाही. त्यानं ऐकायचा प्रयत्नही केला नाही, आपला तेवढा हक्क नाही हे त्याला कळत होतं.

ती सरळ झाली. काचेवर तिच्या श्वासाचं धुकं उरलं होतं. तिनं ते पदरानं पुसलं.

शेजारी आणखी एक धुकं होतं. रुपयाएवढं. तिनं तेही पुसलं.

ते पुसलं जाईना. ते आतल्या बाजूनं होतं.

ते थोडं मोठं झालं, मग लहान झालं. पुन्हा मोठं झालं.

शोभना गजरा काचेच्या पेटीवर ठेवून उभी राहिली. प्रदर्शन बंद व्हायची वेळ झाली आणि रखवालदारानं दोनदा सांगितलं, तेव्हा कुठे ती निघाली.

मॉडेल जहाजानं इटलीला गेलं. ते परत मिळावं म्हणून सदानंदनं धडपड केली, पण कुणाला काय सांगणार? घरात बोलणं कमी झालं. भांडण नव्हतं, शोभना डबा करून द्यायची, इस्त्रीचे कपडे काढून ठेवायची. पण चारचौघांत ती कानाचा किस्सा सांगेनाशी झाली.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, पेट्या बांधून झाल्यावर, तो रशीदाचा निरोप घ्यायला शेडमध्ये गेला. तेवढ्यात फॅक्स वाजायला लागला.

ओर्नेलाचं पत्र होतं. मॉडेल पोचलं, फार सुंदर आहे. पण तुमचा तो खळगा इथंही रोज पडतो, आणि त्यानं मला स्वस्थ बसू दिलं नाही. या महिन्यात मी त्या कोपऱ्यात पुन्हा खणलं. आम्ही कातळ समजलो होतो तो कातळ नव्हता. खड्डा खणून त्याच दगडाच्या भुग्यानं कुणीतरी तो नीट भरून टाकला होता. खाली तान्हं मूल आहे, तीनेक आठवड्यांचं. आजपर्यंत कुठल्याही लॅटिन गावात मला न दिसलेली गोष्ट म्हणजे त्याच्याभोवती पांढरा थर आहे. प्रयोगशाळा म्हणते, मीठ. असं कुठे करतात का, तुम्हाला काही माहीत आहे का? वरची माती ओली असताना कुणीतरी हातानं थापली होती. ठसा शाबूत आहे. मूळ आकारात सोबत पाठवते.

दुसरा कागद सरकायला लागला. ओळीओळीनं आधी मनगट आलं. मग अंगठा, मग रुंद तळहात. उजवा हात. मग बोटं वर यायला लागली. चारही बोटं बरोबरीनं निघाली, आणि त्यातलं अंगठ्याशेजारचं बोट एक पेर आधीच थांबलं. बाकीची पुढे येत राहिली.

रशीदानं कागद फाडून हातात घेतला. तिनं एकदा कागदाकडे आणि एकदा सदानंदच्या हाताकडे पाहिलं, आणि कागद त्याला दिला. तो कोमट होता.

घरी बांधलेल्या पेट्यांच्या मधे शोभना जमिनीवर बसली होती. सदानंदनं तिला पत्र वाचून दाखवलं. दुसरा कागद तिनं फरशीवर पसरला, त्याचा हात धरून त्या ठशावर ठेवला आणि एकेक बोट जुळवून पाहिलं. त्या बोटाचं पेर १९९७ साली गेलं होतं, मुलीनंतर दोन वर्षांनी. हे दोघांनाही आठवत होतं.

बराच वेळ ती तो हात दाबून बसली. मग तिनं पाच वर्षांपूर्वी विचारलं होतं तेच विचारलं, पण या वेळी त्याच्याकडे तोंड करून.

"मीठ घातलंत ना?"

"हो," सदानंद म्हणाला.

ती त्याच्या कानाकडे बघत होती. कान लाल झाला नाही.